तुरीचा तास आणि कसणाऱ्याचे नाव: महसूल, कृषी व पणन विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री, मा. कृषी मंत्री आणि मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच भारतीय कापूस महामंडळाचे अधिकारी.

विषय: ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक आणि हमीभाव खरेदी यांचे नियम कोरडवाहू कापूस शेतीशी जुळवून घेण्याबाबत.

महोदय,

यवतमाळ, वर्धा, अमरावती भागातल्या कोरडवाहू वावरात (शेतात) कापसाचे आठ तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, आणि मग तुरीचा एक तास ही रीत जुनी आहे. सप्टेंबरात पावसाने ताण दिला आणि कपाशीची पातेगळ झाली, म्हणजे कळ्या गळाल्या, तर तूर उरलेल्या ओलीवर तग धरते. तिचा पाला गळून जमिनीत मुरतो. तुरीचा पैसा जानेवारी-फेब्रुवारीत हाती येतो, तेव्हा कापसाचा पैसा देण्याघेण्यात संपलेला असतो. म्हणजे तो एक तास पाच एकरांच्या शेतकऱ्याचा घरचा विमा आहे.

ऑगस्टमध्ये हाच शेतकरी आपल्या गटात (सातबाऱ्यावरच्या जमिनीच्या तुकड्यात) उभा राहून ई-पीक पाहणीचे, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याचे, ॲप उघडतो. ॲप विचारते: निर्भेळ (एकच) पीक की मिश्र पीक? मिश्र म्हटले की मुख्य पिकाचे आणि दुय्यम पिकाचे क्षेत्र वेगवेगळे भरावे लागते. डिसेंबरात खरेदी केंद्रावर किती क्विंटल कापूस घेतला जाईल, हे या नोंदीवर ठरते. कारण महामंडळाची खरेदी आता सातबाऱ्यावर नोंदलेल्या कापसाच्या क्षेत्राला हेक्टरी मर्यादेने गुणून होते.

आम्ही कोरडवाहू कापूस, जमिनीच्या नोंदी आणि खरेदी व्यवस्था यांवर काम करणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की गेल्या पाच वर्षांत नोंदी आणि खरेदी यांत झालेल्या सुधारणा चांगल्या हेतूने झाल्या, पण त्यांचा साचा दोनच गोष्टी ओळखतो. एका गटात एक पीक, आणि एका गटाला एक मालक. कोरडवाहू कापूस पट्ट्यात या दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर खऱ्या नाहीत. मग साचा बदलण्याऐवजी शेतच साच्याप्रमाणे बदलू लागते.

हिशेब करून पाहू. समजा खरेदीची मर्यादा एकरी ७ क्विंटल आहे. हा आकडा फक्त हिशेबापुरता. पाच एकर निर्भेळ कापूस लिहिला तर ३५ क्विंटल विकता येतो. आठास एक तुरीचा तास खराखुरा लिहिला, तर नऊपैकी आठ भाग कापूस, म्हणजे साधारण ४.४४ एकर आणि ३१ क्विंटल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कापूस, ज्वारी, तूर, ज्वारी अशी ६:१:२:१ तासांची शिफारस केली आहे. ती कोणी तंतोतंत पाळली आणि नोंदवली, तर दहापैकी सहा तास कापूस, म्हणजे ३ एकर आणि २१ क्विंटल. कृषी विभागाची शिफारस पाळणाऱ्याची कापूस विकण्याची मर्यादा १४ क्विंटलने घटते.

क्षेत्र कमी, म्हणून मर्यादा कमी, यात चूक काय, असे कोणी म्हणेल. चूक दोन ठिकाणी आहे. तुरीच्या तासाशेजारच्या कपाशीला, तूर लहान असताना, मोकळी हवा आणि उजेड मिळतो. शिवाय अनेक जण तूर वेगळ्या तासात पेरतच नाहीत. कपाशीच्या तासात जिथे सरकी उगवली नाही तिथे नांग्या भरताना तुरीचे दाणे टोबतात, किंवा धुऱ्याकडेने (बांधाच्या कडेने) लावतात. अशा तुरीने कापसाचे क्षेत्र खाल्लेले नसते. ॲपमध्ये मात्र ती लिहायची तर कापसाच्या क्षेत्रातून तेवढे क्षेत्र वजा करूनच लिहावी लागते. दुसरी चूक अशी की मर्यादा सरासरी उत्पादकतेवर बसवलेली असते. ज्याला सरासरीपेक्षा जास्त पिकले त्याचा उरलेला कापूस तसाही व्यापाऱ्याकडे जातो. त्यात मिश्र नोंदीची वजाबाकी वरून बसते.

म्हणून शेतकरी ‘निर्भेळ कापूस’ लिहून मोकळा होतो. मग तूर निघाल्यावर अडचण येते. तुरीची हमीभावाने खरेदीही सातबाऱ्यावरील पीकपेरा पाहूनच होते. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. ज्याच्या नोंदीत तूर नाही त्याला तो भाव मागता येत नाही. तुरीचा पीक विमाही नाही. खरे लिहिले तर कापूस अडतो, खोटे लिहिले तर तूर अडते. या कोंडीतून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे गटात एकच पीक ठेवणे. असा निर्णय सगळेच घेतात असे आम्ही म्हणत नाही. पण नियमांचा उतार त्या दिशेने आहे, आणि पाणी उताराने जाते.

दुरुस्ती अवघड नाही. ॲपमध्ये ‘कापूस मुख्य, तूर आंतरपीक’ अशी तासांच्या प्रमाणाने नोंद घ्यावी: ८:१, ६:१, ६:१:२:१, की नांग्यांत व धुऱ्यावर विखुरलेली. फोटो असा मागावा की त्यात तास आडवे दिसतील. सध्या एका झाडापाशी उभे राहून काढलेला फोटो चालतो, त्यावरून काहीच कळत नाही. खरेदीसाठी, जिथे कापूस मुख्य पीक आहे आणि आंतरपीक एका ठरावीक प्रमाणाच्या आत आहे, तिथे गटाचे पूर्ण पेरणी क्षेत्र कापसाचे धरावे. ६:१:२:१ सारख्या पट्टा पद्धतीत कापसाचा वाटा मोजावा, पण शिफारस पाळल्याबद्दल हेक्टरी मर्यादेत वाढ द्यावी. तुरीच्या खरेदीसाठी तासांच्या प्रमाणातून तुरीचे क्षेत्र आपोआप काढता येईल. एकाच फोटोवर दोन्ही खरेद्या चालतील. नोंद केल्यावर ती दुरुस्त करायला ४८ तास मिळतात. त्या मुदतीत चूक लक्षात येत नाही, कारण चूक कळते ती डिसेंबरात, केंद्रावर. दुरुस्तीची मुदत निदान पाहणीचा कालावधी संपेपर्यंत असावी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विदर्भातून ज्वारी गेली ती या ॲपमुळे नव्हे, ती त्याच्या कितीतरी आधीच गेली होती. रेशनवर गहू-तांदूळ आला, ज्वारीला भाव राहिला नाही, सोयाबीनने तिची जमीन घेतली, आणि जंगलालगतच्या गावांत रोही (नीलगाय) व रानडुकरांनी उरलेली ज्वारी पेरू दिली नाही. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल कमी झाले, आणि बैलाबरोबर शेणखत. तुरीचे असे होऊ नये म्हणून हे पत्र आताच लिहीत आहोत.

खरेदीचे नियम जमीन कशी वळवतात याचा मोठा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ पासून सुमारे ३० वर्षे राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेनेच विकत घ्यायचा, असा नियम चालला. तिचे दोष सर्वांना माहीत आहेत. चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, उशिरा, हप्त्याहप्त्याने. राज्याबाहेर भाव चढला की सीमेवरून चोरटी वाहतूक. तिजोरीवर तोटा. पण त्या योजनेत एक जोडणी होती, जिची आज फारशी चर्चा होत नाही. सहकारी सोसायटीचे पीककर्ज कापसाच्या चुकाऱ्यातून वळते होई. त्यामुळे सोसायटी कापूस उत्पादकाला कर्ज द्यायला तयार असे. कर्ज मिळते म्हणून कापूस, आणि कापूस आहे म्हणून कर्ज, असे चक्र होते. ही कर्जाची कपात टाळायला नातेवाइकाच्या नावावर कापूस घालणेही तेव्हापासूनचे. २००२ च्या सुमारास एकाधिकार सैल झाला, त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी (बोंडअळीविरुद्ध जनुकीय बदल केलेल्या) कपाशीला केंद्र सरकारची मान्यता मिळाली, आणि वसुलीची ती जोडणी तुटली. पुढे सोसायटीची जागा बऱ्याच ठिकाणी कृषी केंद्राच्या (बियाणे-खतांच्या दुकानाच्या) उधारीने आणि खासगी सावकारीने घेतली. उधारीवर बियाणे देणारा जे बियाणे देईल ते वावरात जाते. ही साखळी आपल्या विभागांना नवी नाही. पण नवा नियम करताना कोणती जुनी जोडणी आपण तोडतो आहोत, हा प्रश्न फाइलवर कुठेतरी लिहिलेला असावा, एवढी अपेक्षा आहे.

आता या पत्रातल्या सर्वांत जड विषयाकडे येतो: जमीन कसतो कोण?

कापूस पट्ट्यात तोंडी मक्ता आणि बटई सर्रास चालते. मक्ता म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम, बहुधा हंगामाआधीच रोख. बटई म्हणजे पिकाचा वाटा. मक्त्याने घेणारा बहुतेक वेळा भूमिहीन किंवा दोन-तीन एकरांचा धनी असतो. मालक नोकरीनिमित्त शहरात असतो, वयस्कर असतो, किंवा नवरा गेल्यानंतर एकट्या बाईला वाहणे परवडत नाही म्हणून तिने वावर दिलेले असते. दोघेही गरजू असू शकतात. मालकाला शत्रू मानून केलेला कोणताही उपाय गावात टिकत नाही.

लेखी करार का होत नाही, याचे कारण जमीन सुधारणांच्या कायद्यांत आहे. कापूस पिकवणाऱ्या तीन विभागांना तीन वेगळे कुळकायदे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांच्या हक्काचे कायदे, लागू आहेत. खानदेशाला १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कायदा, विदर्भाला १९५८ चा विदर्भ प्रदेशाचा कायदा. खानदेशात १ एप्रिल १९५७ आणि विदर्भात १ एप्रिल १९६१ या दिवसांपासून कसणाऱ्या कुळांकडे मालकी गेली. त्या कायद्यांनी त्या काळी मोठे काम केले, आणि आजची कित्येक लहान खाती त्यातूनच उभी राहिली. पण त्याचीच आठवण आज मालकाला कागदावर सही करू देत नाही. कागद झाला तर जमीन जाईल, ही धास्ती तीन पिढ्यांनंतरही जिवंत आहे.

या धास्तीचा जमिनीवरचा परिणाम मोजता येण्याजोगा आहे. मक्ता एका वर्षाचा. पुढच्या पाडव्याला वावर आपल्याकडे राहील की नाही, ठाऊक नाही. हेक्टरी पाच टन शेणखताची शिफारस मक्तेदार कशाला पाळेल? त्याचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही येतो, आणि तेव्हा तिथे दुसराच कोणी असेल. बोरू किंवा ताग हिरवळीचे खत म्हणून गाडणे, फुटलेला धुरा बांधणे, उताराला आडवी पेरणी करण्यासाठी सगळे वावर नव्याने आखणे, ही कामे तो करत नाही. मक्ता रोख दिला आहे, तेव्हा रोख देणारेच पीक हवे. म्हणून मक्त्याच्या वावरात कापूस किंवा सोयाबीन, तेही रासायनिक खताच्या जोरावर, आणि तूर कमी. कारण तूर जानेवारीपर्यंत वावर अडवते आणि मालकाला कधी कधी रब्बीसाठी लवकर मोकळे हवे असते.

पूर्वी तलाठ्याने वावरात जाऊन पीक पाहणी करायची असे. खातेदाराऐवजी दुसरे कोणी कसताना दिसले तर नमुना १४ भरून तहसीलदारांकडे पाठवायचा, त्यांनी चौकशी करायची, अशी तरतूद अभिलेखाच्या १९७१ च्या नियमांत आहे. व्यवहारात तो नमुना क्वचितच भरला गेला आणि भरला तेव्हा बहुधा वाद झाला, कारण त्याने वहिवाटीचा पुरावा तयार होतो. तरीही ‘कसतो कोण’ हा प्रश्न पद्धतीत होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि पाहणी खातेदाराच्या हाती गेली. त्यात बरेच भले झाले. तलाठी कार्यालयात बसून गेल्या वर्षीचे पीक तसेच पुढे ओढण्याची सवय मोडली. पण खातेदार स्वतः नोंद करतो तेव्हा कसणारा कोण, हे विचारणारे कोणी राहिले नाही. त्यावर आता शेतकरी ओळख क्रमांक आला. तो सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) यांवर उभा आहे. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याने वीस एकर कापूस केला तरी या व्यवस्थेत तो शेतकरी ठरत नाही.

पुढे काय होते ते सर्वांना दिसते. मक्तेदाराचा कापूस मालकाच्या नावाने केंद्रावर जातो आणि पैसे मालकाच्या आधारजोडणी खात्यात पडतात. मालक भला असेल तर आठवड्यात पैसे देतो. नसेल तर मक्त्याची बाकी, बियाण्याची उसनवारी, सगळे कापून देतो. मालकाच्या खात्यावर जुने कर्ज असेल तर पैसे अडकण्याची भीती वेगळीच. हा धोका नको म्हणून मक्तेदार खेडा खरेदीत, म्हणजे गावातच, व्यापाऱ्याला हमीभावाखाली कापूस देतो आणि कट्टीही (वजनातली कपात) सोसतो. दुसऱ्या बाजूला सातबारा असलेल्या, पण कापूस नसलेल्या माणसाच्या नावावर व्यापाऱ्याचा कापूस केंद्रावर जाण्याची वाट मोकळी राहते. पीक विम्यात मक्तेदाराला दार उघडे आहे, पण नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. तोच तर कोणी करून देत नाही.

आमची सूचना अशी. ‘हंगामी लागवड नोंद’ म्हणून एक वेगळा प्रकार ठेवावा. मुदत ११ महिने. त्यात गट क्रमांक, चतुःसीमा, क्षेत्र आणि कसणाऱ्याचे आधार व बँक खाते असावे. मक्त्याची रक्कम लिहू नये, कारण रक्कम विचारली की दोघेही मागे हटतात. कसणाऱ्याने पेरणीनंतर गटातून नोंद करावी, शेजारच्या दोन खातेदारांनी दुजोरा द्यावा, मालकाला संदेश जावा आणि चावडीवर यादी लागावी. १५ दिवसांत मालकाची हरकत आली नाही तर नोंद पक्की. मालकाची सही आधी मागू नये. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या पीक लागवडदार हक्क कायद्यात ११ महिन्यांच्या कार्डासाठी मालकाची संमती ठेवली, आणि तिथेच पुष्कळ कसणारे अडले.

या नोंदीने कोणताही कुळहक्क, वहिवाट किंवा मालकी निर्माण होत नाही, हे वाक्य तिन्ही कुळकायद्यांत दुरुस्ती करून घालावे लागेल. नुसत्या शासन निर्णयाने भागणार नाही, कारण शासन निर्णय कायद्याच्या वर जात नाही आणि मालकांचे वकील त्यांना हेच सांगतील. विधिमंडळात एकच छोटे विधेयक आणून तिन्ही कायद्यांना ते जोडता येईल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लाभांचे दोन भाग करावेत. जमिनीशी जोडलेले लाभ, म्हणजे पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी महासन्मानचे ६,००० रुपये, मालकाकडेच राहू द्यावेत. पिकाशी जोडलेले, म्हणजे हमीभाव खरेदी, पीक विमा, पिकाच्या नुकसानीची भरपाई, हे हंगामी नोंदीतल्या माणसाला द्यावेत. मालकाचे काही जात नाही हे त्याला दिसले की हरकती कमी होतील. तेलंगणाने २०१८ मध्ये एकरी मदत सुरू केली ती जमीनमालकाला, आणि कसणारा भाडेकरू शेतकरी बाहेर राहिला. ती चूक इथे नव्याने करू नये. एका गटावर दोन दावे होऊ नयेत म्हणून हंगामी नोंद पक्की होताच मालकाच्या ओळख क्रमांकावरून तेवढे क्षेत्र त्या हंगामापुरते पिकाच्या लाभांतून वजा झाले पाहिजे. हे गणित संगणकावर करायला सोपे आहे. पण ते पहिल्या दिवसापासून हवे, मागाहून बसवले तर वसुलीच्या नोटिसा निघतात.

सामाईक खात्यांचाही असाच गुंता आहे. सातबाऱ्यावर चार भावांची नावे, वावरात मात्र वडिलांच्या काळापासून धुरे टाकून चार हिस्से. एकाने संपूर्ण क्षेत्राची पाहणी करून टाकली की बाकीच्यांना नोंदीला क्षेत्र उरत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप करून घ्या, असे सांगितले जाते. बहिणींची संमती, मयतांच्या वारसनोंदी आणि मोजणीची वाट पाहता त्याला वर्षे लागतात. तोवर पाहणीत प्रत्येक सहहिस्सेदाराच्या वाट्याएवढेच क्षेत्र नोंदवता यावे, आणि जास्त नोंदवायचे तर दुसऱ्या हिस्सेदाराच्या मोबाइलवर होकार मागावा.

आता खरेदीच्या वेळापत्रकाविषयी. लहान शेतकऱ्याला पहिल्या वेचणीचा पैसा लगेच लागतो, वेचणाऱ्या बायांची मजुरी रोजच्या रोज द्यायची असते. त्याच वेळी दव पडत असते, बोंडे ओली असतात. खरेदी केंद्राचा नियम ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत प्रत्येक टक्क्याला १ टक्का कपात, आणि १२ च्या वर नकार. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. १२ टक्के ओलाव्याला ३२४ रुपये ४० पैसे कपात होऊन ७,७८५ रुपये ६० पैसे उरतात. १४ टक्क्यांचा एक क्विंटल १२ वर वाळवला तर वजन ९७.७ किलोच्या आसपास राहते, म्हणजे हाती साधारण ७,६०० रुपये. व्यापारी जागेवर याहून बरेच कमी देत असेल तर दोन दिवस वाळवणे परवडते. पण वाळवायला जागा, ताडपत्री आणि ओलावा किती आहे हे सांगणारे यंत्र हवे. शेतकऱ्याला ओलावामापक बहुधा केंद्रावरच पाहायला मिळतो. तिथे भाड्याने गाडी करून नेलेला कापूस १३ टक्के निघाला की तो परत आणण्यापेक्षा शेजारच्या जिनिंगमध्ये पडेल त्या भावाने विकला जातो.

प्रत्येक सेवा सहकारी सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत एक प्रमाणित ओलावामापक ठेवावा आणि त्यावरची नोंद घेऊनच केंद्रावरची वेळ ठरवावी. दव उतरल्यावर, साधारण दहानंतर वेचणी करावी आणि ओला कापूस गंजी न घालता पातळ पसरून ठेवावा, हे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) सांगतातच. पण सकाळी गारव्यात वेचणी उरकायची मजुरांची सवय मजुरीच्या पद्धतीतून आली आहे. किलोवर मजुरी असेल तर ओला कापूस जड भरतो. हे मोडायचे तर वाळलेल्या कापसाला वेचणीचा दर थोडा चढा द्यावा लागेल, आणि तो खर्च शेतकऱ्याला भावातून परत मिळाला पाहिजे.

याचा जमिनीच्या वापराशी थेट संबंध आहे. पहिल्या दोन वेचण्यांचा पैसा वेळेवर आला तर शेतकरी हरभऱ्याचे बियाणे घेतो आणि जिथे ओल किंवा विहिरीचे पाणी आहे तिथे पऱ्हाटी (कपाशीची झाडे) काढून रब्बी करतो. पैसा अडकला तर पऱ्हाटी उभीच राहते, तिला एखादे पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस, घेतली जाते. उभ्या फरदडीत गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहते आणि पुढच्या हंगामातही ती हटत नाही. २०१७ मध्ये तिने पिकाचे काय नुकसान केले ते आपल्या विभागांनी पाहिले आहे. फरदड घेऊ नका, असे फलक दरवर्षी लागतात. खरेदी केंद्रे पहिल्या वेचणीला उघडली आणि चुकारे आठवड्यात झाले, तर फलकांपेक्षा जास्त पऱ्हाटी निघेल. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील आयात शुल्क उठले, बाजार हमीभावाखाली राहिला आणि केंद्रांवर गर्दी झाली. केंद्र सरकारच्या अशा निर्णयांवर राज्याचा ताबा नाही हे मान्य. म्हणूनच जे राज्याच्या हाती आहे ते लवकर व्हावे.

सघन लागवडीबद्दल, म्हणजे झाडे जवळजवळ लावण्याबद्दल, थोडेच सांगतो. ९० बाय १५ सेंटिमीटरवर एकरी जवळपास ३०,००० झाडे बसतात आणि दोनाऐवजी सहाच्या आसपास पाकिटे लागतात. २०२५ मध्ये बीजी-२ या बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे बियाण्याचाच एकरी खर्च १,८०० वरून ५,४०० वर जातो. हलक्या, उथळ जमिनीत, झाडाची वाढ रोखणारे द्रव्य वेळेवर फवारले तर ही पद्धत चालते. भारी काळ्या जमिनीत झाडे दाटतात, खालची बोंडे सडतात. अनुदान गट-समूहाने वाटताना जमिनीची खोली मोजली जावी, आणि मक्त्याच्या वावराला ते मालकाच्या नावाने देऊ नये. या पद्धतीत तुरीला जागा राहत नाही, हेही अनुदानाच्या अर्जावर स्पष्ट लिहावे.

विम्यात खरीप २०२५ पासून एक रुपयात पीक विमा देणारी योजना संपली. शेतकऱ्याचा हिस्सा कापसासाठी विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, सोयाबीनसाठी २ टक्क्यांपर्यंत असतो. भरपाई ठरवताना आता पीक कापणी प्रयोगाचे, म्हणजे नमुन्याच्या प्लॉटवर मोजलेले, उत्पन्न धरले जाते. कापूस एकदा कापला जात नाही, तीन-चार वेळा वेचला जातो. पहिल्या वेचणीवर प्रयोग उरकला आणि नंतर बोंडअळी आली तर आकडा खोटा ठरतो. प्रयोगाच्या प्लॉटवर सर्व वेचण्यांची वजने तारखेसह मंडळ कार्यालयात लावावीत.

हे सारे एकदम राज्यभर करा, असा आमचा आग्रह नाही. येत्या खरिपात यवतमाळ, जळगाव आणि परभणी जिल्ह्यांतले एकेक महसूल मंडळ घ्यावे. म्हणजे तिन्ही कुळकायद्यांखाली चाचणी होईल. कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत तिथे मालकाच्या मोबाइलवरील संमतीने हंगामी नोंद चालवावी आणि किती जणांनी नकार दिला तेही नोंदवावे. जूनपर्यंत ॲपमध्ये तासांच्या प्रमाणाचा पर्याय यावा, ऑगस्टच्या पाहणीत ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी यांनी दहापैकी एक गट प्रत्यक्ष पाहावा, आणि मार्चमध्ये तीन आकडे जाहीर करावेत: मिश्र नोंदी किती वाढल्या, कसणाऱ्याच्या खात्यात थेट किती चुकारा गेला, आणि डिसेंबरअखेर किती क्षेत्रातली पऱ्हाटी निघाली. चाचणीचा मसुदा गावांना आधी वाचायला मिळावा. त्यावर गटागटाने तपासलेल्या हरकती लेखी द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
कोरडवाहू कापूस, भूमी अभिलेख आणि शेतमाल खरेदी या विषयांवर काम करणारे आम्ही कार्यकर्ते व अभ्यासक